सियागंजातला पीपा आणि तीन मिलिमीटरची शिवण

मागच्या महिन्याच्या बैठकीत सियागंजातल्या जुन्या किराणा पेढ्यांचा विषय होता. मुनीम, हुंड्या, हमाल असं सगळं बोलून झालं आणि उठता उठता मंडळातल्या एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, "आमच्या लहानपणी तेल उघड्या डब्यातून पळीनं मोजून मिळायचं. वास घ्यायचा, बोटावर चोळून बघायचं, मग बरणी पुढे करायची. न बघता बंद पीपा घरी आणायची हिंमत इंदूरकरांना कधी आली?" सगळे हसले, चहा आला, बैठक संपली. मी मात्र त्या प्रश्नापाशी अडकलो. इतिहासाकडे मी वळलो तो पंचेचाळिशीनंतर. त्याआधी वीस-बावीस वर्षं मेकॅनिकल इंजिनीयर म्हणून नोकरी केली, आणि त्यातली पहिली काही वर्षं डब्याच्या झाकणाची कड मोजण्यात गेली. तेव्हा या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर देणं माझ्याकडे लागतं, असं वाटलं.

बंद डब्याच्या आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. वास येत नाही, बोट घालता येत नाही. विश्वास ठेवायला जागा उरते ती एकच, झाकण आणि अंग जिथे एकमेकांत गुंततात ती कड. कारखान्यात तिला सीम म्हणतात. मी इथे शिवण म्हणतो, कारण कापडाच्या शिवणीसारखीच ती दुमडून, दाबून घातलेली असते आणि उसवताही येते.

घासलेटच्या डब्यापासून

चौकोनी पत्र्याचा डबा आपल्याकडे आला तो तेला-तुपासाठी नाही, घासलेटसाठी. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये साडेचार टक्के व्याजानं, १०१ वर्षांच्या मुदतीनं कर्जाऊ दिले आणि खंडव्याहून इंदूरला रेल्वे आली, ही गोष्ट आपल्या वाचकांना पाठ आहे. त्या गाडीनं काय काय आलं याची यादी कोणी करायला घेतली, तर घासलेटचा डबा तिच्यात बराच वर असेल. चार गॅलनचा डबा, म्हणजे साधारण १८ लिटरचा. घासलेट जळून संपायचं, डबा मात्र पुढे तीस वर्षं घरात राहायचा. त्यात गहू ठेवले, आंघोळीचं पाणी तापवलं, वरचं तोंड कापून, दांडा ठोकून विहिरीचं पाणी काढलं, आणि अगदी गंजल्यावर माती भरून तुळस लावली. रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात असे दोन डबे मी स्वतः पाहिलेत.

या डब्याचा दबदबा किती होता बघा. हिंदुस्थानात कथलाचा मुलामा दिलेला पत्रा बनवायचा पहिला मोठा कारखाना जमशेदपूरजवळ गोलमुरीला निघाला. टिनप्लेट कंपनी ऑफ इंडिया, १९२०. त्यात टाटांच्या बरोबरीनं पैसा होता बर्मा ऑइल कंपनीचा. तेल कंपनीला पत्र्याचा कारखाना कशाला हवा? घासलेट भरायला डबे लागत म्हणून. पुढे १९३३ मध्ये कलकत्त्यात मेटल बॉक्स कंपनी आली आणि मुंबईत वरळीलाही तिचा कारखाना झाला. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. शिवडीच्या कारखान्यातून निघालेला तो पिवळा डबा, त्यावरचं हिरवं माडाचं झाड, हे आपल्या आधीच्या पिढीला देवघरातल्या तसबिरीइतकं ओळखीचं होतं. तूप विकणारा हलवाई स्वतःचा चेहरा पुढे करत असे. डालड्यानं पुढे केला तो हवाबंद डबा. माणसाच्या हाताचा स्पर्श नाही, ही त्याची जाहिरात होती. माझ्या मते त्या बाईंच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे आहे. मालवणी, माळवी, मराठा कोणीही असो, घरोघरी बंद डब्याची सवय लावली ती डालड्यानं.

एक हिशेब जाता जाता सांगतो, कारण सियागंजात अजूनही त्यावरून वाद होतात. जुन्या चार गॅलनच्या डब्यात पाणी सुमारे १८ किलो मावतं, पण तेल हलकं, त्यामुळे तेल मावतं साधारण साडेसोळा किलो. वनस्पती तुपाचा मोठा डबा साडेसोळा किलोचा असायचा त्याचं मूळ हे. आता पीपा १५ चा आहे. पण १५ किलो की १५ लिटर? १५ लिटर तेल म्हणजे पावणेचौदा किलोच्या आतच. भाव विचारताना हे विचारायला विसरू नका.

शिवण म्हणजे नेमकं काय

खाण्याचं डबाबंद करायची विद्या फ्रान्सच्या निकोला आपेरची. त्यानं १८१० मध्ये आपली रीत छापून प्रसिद्ध केली. पण त्याच्या काचेच्या बाटल्या होत्या. पत्र्याचा डबा आला इंग्लंडात, आणि ब्रायन डॉन्किन या इंजिनीयरच्या कारखान्यातून १८१३ च्या सुमारास तो आरमाराकडे जाऊ लागला. हा डॉन्किन मला जवळचा वाटतो. तो भरलेले डबे लगेच पाठवत नसे. महिनाभर उबदार खोलीत ठेवायचा. आत काही जिवंत राहिलं असेल किंवा कुठून शिरलं असेल, तर डबा फुगेल आणि स्वतःच चुगली करेल. जंतू म्हणजे काय हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. आपल्या १९५५ च्या फ्रूट प्रॉडक्ट्स ऑर्डरमध्ये डबा ३७ अंश सेल्सिअसला आठवडाभर ठेवून बघायची जी कसोटी आली, ती याच खोलीची नात.

त्या काळचे डबे डाख लावून बंद करत. वरच्या पत्र्याला भोक, त्यातून माल भरायचा, भोकावर टिकली ठेवून डाख द्यायचा. आपला कल्हईवाला जे करत आला तेच, फक्त शिशाचे थेंब मालात पडायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या अ‍ॅम्स कंपनीत दुहेरी शिवणीची रीत बसली आणि १९०४ मध्ये तिथे सॅनिटरी कॅन कंपनी उभी राहिली. डब्याचं अख्खं तोंड उघडं, माल भरायचा, झाकण ठेवायचं, यंत्रानं दोघांच्या कडा एकमेकींत गुंतवायच्या, डाख नाही. 'सॅनिटरी' हे नाव तिथून चिकटलं ते आजही आहे. आपलं भारतीय मानक ९३९६ उघडून बघा, अन्न आणि पेयांच्या गोल डब्यांना ते 'ओपन टॉप सॅनिटरी कॅन' म्हणतं. आमच्या कोकणातल्या कारखान्यात या शब्दावरून पोरं फार हसायची.

आता शिवण. डब्याच्या अंगाची वरची कड बाहेर वळवलेली असते. झाकणाची कड खाली वळवलेली, आणि तिच्या आत रबरासारख्या लेपाची पातळ रेघ. सीमर यंत्रात डबा चकवर बसतो आणि दोन रूळ पाळीपाळीनं कडेला भिडतात. पहिल्या रुळाची खाच खोल आणि अरुंद. तो झाकणाची कड अंगाच्या कडेखाली वळवून आत घेतो. आपण बोटं आकड्यासारखी वाकवून एका हाताची दुसऱ्यात अडकवतो ना, तसं. दुसऱ्या रुळाची खाच उथळ, सपाट. तो हे सगळं इस्त्री केल्यासारखं दाबतो. तयार होतात पाच थर, तीन झाकणाचे आणि दोन अंगाचे. उंची जेमतेम ३ मिलिमीटर. त्या पाच थरांमध्ये उरलेली बारीक जागा तो लेप भरून काढतो. पत्रा ताकद देतो, लेप हवा अडवतो. एकाची कसर दुसरा भरून काढत नाही.

बाहेरून मोजता येतं ते थोडं. शिवणीची जाडी, उंची, आणि झाकण कडेपासून किती खोल बसलं आहे ते. जाडीवरून बरंच कळतं. पत्रा ०.२२ मिलिमीटरचा धरला तर पाच थरांचे १.१० झाले. वर लेपाचे आणि फटीचे दहा-वीस शतांश. म्हणजे १.२५ ते १.३० च्या आसपास आकडा यायला हवा. १.४५ आला, तर थर सैल आहेत. १.१५ आला, तर रुळानं पत्रा चिरडला आहे. बोटाचं नखही उपयोगाचं. शिवणीवरून नख फिरवलं की धार लागते का, खाली चोचीसारखं टोक आलं आहे का, ते कळतं.

पण खरी गोष्ट आत असते. अंगाचा आकडा किती लांब, झाकणाचा आकडा किती लांब, आणि दोघं एकमेकांवर किती चढलेत? २.० अधिक १.९ अधिक झाकणाच्या पत्र्याचे ०.२, वजा शिवणीची उंची ३.०, राहिले १.१. हा १.१ मिलिमीटर म्हणजे सगळ्या डब्याची अब्रू. आणि तो बघायचा तर डबा फोडावा लागतो. झाकणाचं मधलं तबक कापून काढायचं, कड पकडीनं एका जागी तोडायची, मग हळूच आतला आकडा सोलून काढायचा. त्याच्यावर सुरकुत्या आहेत का बघायचं. चुण्या न पडता सपाट आला तर घट्ट बसला होता, चुण्या असतील तर तिथे दाब पडला नव्हता. या सुरकुत्यांना गुण देतात, नजरेनं, शंभरपैकी. माणूस बदलला की गुण बदलतात.

म्हणजे पेच असा. जो डबा तपासला तो विकता येत नाही, आणि जो विकला तो तपासलेला नसतो. तपासलेल्या एका डब्यानं न तपासलेल्या हजारोंची साक्ष द्यायची. म्हणूनच वेळ पाळणं महत्त्वाचं. अमेरिकेच्या कमी आम्लाच्या डबाबंद अन्नाच्या नियमांत दर ३० मिनिटांच्या आत नजरेची तपासणी आणि दर ४ तासांच्या आत डबा फोडून तपासणी सांगितली आहे, प्रत्येक सीमिंग हेडचा डबा घेऊन, आणि मायक्रोमीटरनं मोजायचं तर शिवणीवर निदान तीन ठिकाणी. आमरस आम्लधर्मी, त्याला हा नियम जसाच्या तसा लागू नाही. पण आमच्याकडे पद्धत तीच धरली होती.

दोन हंगाम कोकणात

इंदूरहून पदवी घेऊन मी १९९२ आणि १९९३ चे आंब्याचे हंगाम रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॅनिंग कारखान्यात काढले. हापूसचा रस, ८५० ग्रॅमचे आणि ३ किलो १०० ग्रॅमचे डबे. माझी इंदुरी मराठी ऐकून बायका तोंडाला पदर लावायच्या. एप्रिलच्या अखेरीला आंबा सुरू झाला की पाऊस पडेपर्यंत दिवस-रात्र नाही. साली, कोयी, माश्या, गोड वाफ, आणि त्या सगळ्याच्या मधोमध चार हेडचा सीमर.

सीमरवरचे काका पन्नाशीचे होते. मायक्रोमीटरला हात लावत नसत. डबे थंड होऊन आले की रांगेवरून एक लोखंडी सळई हलक्या हातानं वाजवत जायचे. चांगल्या डब्याचा आवाज वर चढलेला, टणक. आत निर्वात नसेल तर बद्द. "इंजिनीयरसाहेब, तुमचा आकडा चुकीचा नाय, पण डबा बोलतो तो आधी ऐका," असं म्हणायचे. नंतर कळलं की सळई वाजवून पारखणं ही जगभरची जुनी रीत आहे, पुस्तकांत आहे. काकांनी पुस्तक वाचलं नव्हतं.

थंड करण्याबद्दल थोडं विस्तारानं सांगायला हवं, कारण सगळा धोका तिथे आहे. उकळत्या पाण्यातून डबा बाहेर येतो तेव्हा लेप मऊ झालेला असतो, पत्रा ताणलेला असतो. लगेच थंड पाण्यात टाकला की आतली वाफ विरते आणि डबा पाणी आत ओढायला बघतो. शिवण किंचित सैल असली तर केसाएवढ्या वाटेनं एखादा थेंब आत जातो आणि मग सगळं निवून, आवळून वाट बंदही होते. बाहेरून डबा धडधाकट. त्या थेंबात काय होतं यावर पुढचं सगळं. स्कॉटलंडमधल्या अबर्डीन शहरात १९६४ च्या मे-जूनमध्ये विषमज्वराची साथ आली, ४०० हून जास्त माणसं आजारी पडली. माग लागला तो दक्षिण अमेरिकेहून आलेल्या मांसाच्या मोठ्या डब्यापर्यंत. तिथे डबे थंड करायला नदीचं पाणी वापरलं होतं, क्लोरिन न घालता. एका शहराच्या नदीतली घाण समुद्र ओलांडून दुसऱ्या शहराच्या ताटात गेली, ती एका शिवणीतून. आमच्या टाकीतल्या विहिरीच्या पाण्यात क्लोरिन किती आहे हे मी दर दोन तासांनी का बघत होतो, ते हे वाचल्यावर मला पुरतं समजलं. आमरस आंबट असल्यानं सगळ्यात भयंकर जंतू त्यात वाढत नाही, एवढी निसर्गाची कृपा. यीस्ट मात्र वाढतं, आणि डबा फुगतो.

आता जे सांगायचं आहे ते. १९९३ च्या मे महिन्यातली रात्रपाळी. सलग चौथी. रात्री बाराला मी चारही हेडचे डबे फोडले, आकडे लिहिले. पुढची फोडणी पहाटे चारला होती. मी ती केली नाही. रसाची टाकी भरलेली, लाइन थांबवू नका म्हणून वरून निरोप, आणि माझे डोळे मिटत होते. बाराच्या आकड्यांवरून मी चारचे आकडे लिहून काढले. सकाळी सहाला दुसऱ्या पाळीच्या माणसानं फोडणी केली, तर तिसऱ्या हेडची जाडी १.४६. दुसऱ्या रुळाचं बेअरिंग गेलं होतं. कधी गेलं? बारा ते सहाच्या मध्ये. यापेक्षा जास्त सांगू शकणारा एकच कागद होता, आणि तो मी खोटा केला होता.

दहा-बारा दिवसांनी गोदामात त्या रात्रीचे काही डबे फुगलेले सापडले. फोडून बघितले तर झाकणाच्या आकड्यावर चुण्या. चारची फोडणी झाली असती तर निदान कुठपासूनचा माल बाजूला काढायचा ते कळलं असतं. ते कळत नव्हतं, म्हणून अख्ख्या रात्रीचा माल टाकावा लागला. खड्डा खणून ओतला. बायकांनी चार दिवस साली काढलेला आंबा. मला कोणी बोललं नाही, कारण कोणी रजिस्टर उघडूनच पाहिलं नाही. काकांनी पाहिलं होतं असं मला वाटतं. ते काही म्हणाले नाहीत. त्या दिवसापासून सळई वाजवून झाली की मला हाक मारून, "साहेब, तेवढं फोडून बघा हां," एवढंच म्हणायचे, दर पाळीला.

पिप्याची शिवण कोणासाठी

पुढे मी इंदूरला परतलो आणि १५ किलोचे चौकोनी पीपे करणाऱ्या एका कारखान्यात लागलो. सोयाबीननं तोवर माळवा पालटला होता. ज्या शेतात खरिपात जमीन पडीक ठेवायची रीत होती तिथे सोयाबीन डोलत होतं, तेलाच्या गिरण्या निघाल्या होत्या, सोयाबीन प्रोसेसर्सची देशपातळीवरची संघटना इथेच इंदूरला बसली होती. तेल म्हटलं की पीपा आलाच.

मी कोकणातून आलेला, शिवणीच्या बाबतीत सोवळा. इथे बघतो तर फोडणी नाही, सुरकुत्यांना गुण नाहीत. रिकामा पीपा पाण्याच्या टाकीत दाबायचा, आत हवा सोडायची, बुडबुडा आला तर बाजूला. बुडबुडे बहुतेक कोपऱ्यातूनच येत. गोल डब्यावर रूळ सारख्या दाबानं फिरतो, चौकोनी डब्याच्या कोपऱ्यावर पत्रा गोळा होतो आणि आकडा नीट बसत नाही. मला हे फार कच्चं काम वाटलं. मग एका जुन्या फोरमननं समजावलं की तेलात पाणी नाही, तिथे जंतू काय करणार? शिवणीतून तेल गळू नये, एवढं बास.

बरोबरच होतं त्याचं. पण मग पिप्याला सील कशाला? याचं उत्तर १९९८ च्या ऑगस्टमध्ये मिळालं. दिल्लीत मोहरीच्या तेलात धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं. पिवळा धोतरा, आपल्या माळव्यात ज्याला सत्यानाशी म्हणतात तोच. पाय सुजून, धाप लागून माणसं दवाखान्यात भरती झाली, ६० हून जास्त दगावली. त्याच वर्षी केंद्र सरकारनं खाद्यतेलाच्या पॅकिंगचा आदेश काढला. राज्यानं सूट दिली नसेल तर तेल सुटं विकायचं नाही, बंदच विकायचं. बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं दुसरं उत्तर हे. पळीनं मोजून तेल घ्यायची पद्धत नुसती हळूहळू मागे पडली नाही, एका साथीनंतर तिला कायद्यानं दार लावलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी दोन वेगळ्या शिवणी मोजल्या होत्या. आमरसाच्या डब्याची शिवण जंतूला बाहेर ठेवते. पिप्याची शिवण माणसाला बाहेर ठेवते. पहिलीची परीक्षा सूक्ष्मदर्शकाखाली, दुसरीची परीक्षा बाजारात. जंतू बिचारा फट असेल तरच आत जातो. माणूस झाकण उघडून, हवं ते मिसळून, पुन्हा डाख लावून देतो. म्हणून पिप्याच्या बाबतीत खरा प्रश्न शिवण किती घट्ट हा नसतोच. ही शिवण पहिलीच आहे की दुसरी, हा असतो. रिकामा पीपा तोंड न फाडता विकला तर भंगारवाला जास्त पैसे का देतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. नियम म्हणतो की एकदा वापरलेला टिनचा डबा खाण्यासाठी पुन्हा वापरायचा नाही, आणि तेला-तुपाचे डबे भारतीय मानक १०३२५ किंवा १०३३९ प्रमाणेच हवेत. डबाबंद मालाबद्दल तोच नियम असंही सांगतो की डब्याला मोठे पोचे, गंज, भोकं, शिवणीची वेडीवाकडी वळणं नकोत, डबा गळता नको. सगळं बरोबर आहे. पण दुकानात उभा राहणारा माणूस काय बघणार?

सियागंजात एका पेढीवर मी हे विचारलं. शेठजी गादीवरून न उठता म्हणाले, "पीपा उल्टा करके रात भर अखबार पे रख दो, भाईसाहब. सुबह कागज बोल देगा." आणि दुसरं? तोंडावरच्या टोपणाभोवती बोट फिरवायचं. दुसऱ्यांदा लावलेल्या डाखाची कड खरखरीत असते. चकाकीही वेगळी, जुन्या पत्र्यावर नवा डाख पांढरा दिसतो. मी घरी करून बघितलं. टोपणाचं खरं आहे. वर्तमानपत्राचंही खरं आहे, फक्त सूर्यफुलाचं तेल फारच हळू झिरपतं, एका रात्रीत कळेलच असं नाही.

थंड पेयांच्या डब्यांबद्दल आमचे तरुण सभासद विचारतील, म्हणून दोन ओळी. ते अॅल्युमिनियमचे, अंग आणि तळ एकसंध, त्यामुळे शिवण एकच, वरची. आत वायूचा दाब असतो, म्हणजे आत ओढणं नाही, उलट बाहेर ढकलणं. शिवण आणखी अरुंद, आणि आता बऱ्याच ठिकाणी ती क्ष-किरणांनी, डबा न फोडता मोजतात. तपासलेला डबा विकता येत नाही हा माझा पेच त्यांनी सोडवलाय. मला थोडा हेवा वाटतो.

रजिस्टर

कोकणातला तो कारखाना पुढे बंद पडला. २००७ मध्ये मी काही कामासाठी त्या बाजूला गेलो तेव्हा मशिनरी विकली गेली होती आणि कागद एका पडवीत रद्दीवाल्याची वाट बघत होते. आवकीची पुस्तकं, हजेरीपट, आणि सीमिंगची रजिस्टरं, काही वाळवीनं खाल्लेली. मी एक मागून घेतलं. १९९३ चं. कोणतं मागायचं हे मला नीट माहीत होतं.

इतिहासाचं साधन म्हणून ते काय आहे, हे सांगतो. प्रत्येक पानावर तारीख, पाळी, हेड १ ते ४, प्रत्येक हेडला तीन जागी जाडी, उंची, दोन्ही आकडे, सुरकुत्यांचे गुण, सही. पाठोपाठ पानं उलटली की रूळ झिजताना दिसतो. १.२६, १.२८, १.३१, १.३३ असे आकडे सरकतात, मग एक दिवस पुन्हा १.२६. म्हणजे आदल्या रात्री कोणीतरी पाना घेऊन बसलं होतं. समासात काकांच्या अक्षरात 'रूळ २ बदलला'. पत्र्याची नवी खेप आली की चारही हेडचे आकडे एकदम हलतात. लगीनसराईत सह्या बदलतात, बदली माणसं येतात. होळकरांच्या दफ्तरातल्या रोजकीर्दीत आपण जे शोधतो त्यापेक्षा हे काही कमी नाही, आणि ते तर कोणी जपलेलंच नाही. कारखाना बंद होताना ताळेबंद सांभाळून ठेवतात, सीमिंग रजिस्टर किलोनं जातं.

आणि खोटी पानंही ओळखू येतात. खरं मोजलं तर तीन जागचे तीन आकडे कधीच तंतोतंत सारखे येत नाहीत. पत्रा, रूळ, हात, कोणीच इतका सरळ नसतो. जिथे १.२८, १.२८, १.२८ दिसलं, किंवा चार तासांपूर्वीचं पान तसंच्या तसं उतरलेलं दिसलं, तिथे कोणी मोजलं नव्हतं. या हिशेबानं मी अख्खं रजिस्टर चाळलं. संशयास्पद नोंदी अकरा निघाल्या. त्यांतली एक माझ्या सहीची, पहाटे चारची. पाळ्या रात्रीच्या, नऊ. दोन दिवसाच्या, पण त्या तारखांना आवक फार मोठी होती, हे दुसऱ्या पुस्तकावरून मी टिपून आणलं होतं.

मंडळाच्या कपाटात हे रजिस्टर मी मागच्या आठवड्यात जमा केलं. सगळ्या पानांची छायाचित्रं घेऊन ठेवली आहेत, माझ्या पानासकट. आपल्यापैकी कोणाच्या घरी, कोणाच्या काका-मामांच्या जुन्या पेटीत तेलगिरणीचं, डब्याच्या कारखान्याचं, लोणच्या-मुरंब्याच्या उद्योगाचं असं पुस्तक असेल, तर रद्दीत घालण्याआधी एकदा दाखवा. वाळवी लागलेलं असलं तरी चालेल. आमच्या रजिस्टरमधली शेवटची नोंद ९ जूनची आहे, सकाळची पाळी, हेड १ आणि २ एवढीच. खाली काकांनी लिहिलंय, 'पाऊस. आंबा बंद.'